नार्कोलेप्सी: झोप गाठण्याआधी आपणच झोपायचं

माझी अकरावीची अर्थशास्त्राची वही आईने अजून जपून ठेवली आहे. तिच्यातल्या एका पानावर ‘मागणीची लवचीकता’ असं ठळक शीर्षक आहे. खाली तीन ओळी गोल, नीट अक्षरात. चौथी ओळ उजवीकडे उतरायला लागते. पाचव्या ओळीत ‘किंमत वाढली की ग्राहक’ इथपर्यंत अर्थ लागतो, पुढे ‘पायरीवर दूध ठेवतो’ असं लिहिलंय, आणि मग पेनाची एक रेघ घसरत घसरत पानाच्या कडेला जाऊन थांबते. त्या क्षणी माझे डोळे उघडे होते, हात चालू होता आणि मी झोपलेली होते. स्वप्नातलं वाक्य वहीत उतरलं होतं.

त्या पानावरून मी वर्गात आणि घरात भरपूर बोलणी खाल्ली. पुढे निदान व्हायला अकरा वर्षं गेली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डोळ्यांचा नंबर, ओळखीच्यांनी आणून दिलेला अंगारा, सगळं करून झालं. शेवटी नाव कळलं: नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा झोप आवरता न येण्याचा आजार. लक्षणं सुरू झाल्यापासून नाव कळेपर्यंत आठ-दहा वर्षं जाणं या आजारात जगभर नेहमीचं आहे. तेवढी वर्षं दुसऱ्या कुणाची जाऊ नयेत, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्या गोळीच्या अवतीभवती जो अख्खा दिवस असतो, तो कसा लावायचा हे मला ठाऊक आहे.

आधी आजार समजून घ्या, घरच्यांनाही समजावा

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. तिथल्या काही पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करतात. यालाच हायपोक्रेटिनही म्हणतात. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधलं, म्हणून नावंही दोन. मेंदूतल्या अब्जावधी पेशींमध्ये या पेशी जेमतेम पन्नास ते ऐंशी हजार. जागेपण टिकवून धरण्याचं काम त्यांचं. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात यातल्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात, बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने त्यांच्यावर हल्ला केल्यामुळे. एकदा गेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून हा आजार आयुष्यभराचा आहे. पण तो वर्षागणिक मेंदू पोखरत जाणाऱ्या आजारांपैकी नाही, आणि हे वाक्य घरच्यांना सगळ्यात आधी सांगा.

ओरेक्सिन नसलं की झोप आणि जाग यांच्यातली कडी सैल होते. एरवी माणूस झोपल्यावर साधारण सत्तर ते नव्वद मिनिटांनी स्वप्नांच्या, म्हणजे रेम झोपेत जातो. आम्ही पंधरा मिनिटांच्या आत जातो, आणि कधी कधी तिचे तुकडे जागेपणीच अंगावर येतात. बाकीची लक्षणं यातूनच उलगडतात. स्वप्नाच्या झोपेत शरीर आपोआप लुळं पडतं, म्हणजे आपण स्वप्नात पळत असलो तरी खाटेवरून उठून पळू नये. तोच लुळेपणा मनापासून हसताना आला, की गुडघे मुडपतात, जबडा सैल पडतो, हातातला कप निसटतो. ही कॅटाप्लेक्सी. तोच लुळेपणा झोपेतून जाग येताना मागे रेंगाळला, की डोळे उघडे असूनही बोट हलत नाही. ही स्लीप पॅरालिसिस. आणि स्वप्न जागेपणात शिरलं, की खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं दिसतं, छातीवर बसलेलं जाणवतं.

आपल्याकडे गाडी अडते ती नेमकी इथे. छातीवर कुणी बसतं म्हटलं की मुंजा, हडळ, बाहेरची बाधा अशी नावं तयार असतात, आणि पोर देवऋष्याकडे नेली जाते. मला नेलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आजीचं प्रेम खोटं नव्हतं, तिला दुसरा रस्ता माहीत नव्हता. म्हणून घरात वाद घालत बसू नका. ‘स्वप्न संपायच्या आधी डोळे उघडतात, अंग मात्र अजून झोपलेलं असतं’ एवढं सांगा. माझ्या आजीला हे एका वाक्यात पटलं.

हा आजार साधारण दोन हजारांत एकाला असतो आणि बहुतेकांना दहा ते पंचवीस या वयात सुरू होतो. मुलांमध्ये सुरुवातीलाच वजन झपाट्याने वाढतं, चिडचिड वाढते, आणि ती पेंगण्याऐवजी जास्तच चुळबुळ करताना दिसतात. कॅटाप्लेक्सी नसलेला दुसरा प्रकारही आहे. तो ओळखायला अधिक अवघड, कारण फक्त झोप येते असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटते: आमची रात्रीची झोप चांगली नसते. दिवसा झोप आवरत नाही आणि रात्री चार-पाचदा जाग येते.

दोन आठवड्यांची वही

संशय असेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक साधी वही करा. ‘डॉक्टर, फार झोप येते’ या तक्रारीवर ‘मोबाइल कमी करा’ असं उत्तर मिळतं. वही पुढे ठेवली की बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे. रोज रात्री किती वाजता पाठ टेकली, कितीदा जाग आली, सकाळी किती वाजता उठलात ते लिहा. दिवसा कधी पेंगलात, किती वेळ, आणि उठल्यावर तरतरी आली का, हेही. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नार्कोलेप्सीत दहा-पंधरा मिनिटांची डुलकीही बहुतेकांना ताजं करून सोडते, मग तास-दोन तासांनी पुन्हा तीच गत. जेवणाच्या, चहाच्या वेळा आणि चालू असलेली सगळी औषधं लिहा. सर्दीची गोळीही.

हसताना, चिडताना, कुणी अचानक भेटल्यावर मान लुळी पडली, गुडघे दुमडले, जीभ जड झाली तर तारीख-वेळेसह नोंद करा. घरच्या कुणाला मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करता आलं तर फार उत्तम. दवाखान्यात डॉक्टरांसमोर कॅटाप्लेक्सी सहसा होत नाही, कारण तिथे मनापासून हसू येतच नाही.

जोडीला एपवर्थ मोजपट्टी भरा. ही आठ प्रश्नांची साधी प्रश्नावली १९९१ साली ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत तासभर बसल्यावर, दुपारी जेवून शांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गुण गेले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मला २१ होते.

कुठल्या डॉक्टरांकडे, कुठली चाचणी

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्ताची कमतरता आणि थायरॉइड तपासून घ्या. घोरणं असेल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजारही. तो नार्कोलेप्सीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. पुढे न्यूरॉलॉजिस्ट, आणि त्यातही झोपेच्या आजारांचा अनुभव असलेले.

चाचणीसाठी फोन कराल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुमच्याकडे एमएसएलटी, म्हणजे दिवसाच्या डुलक्या मोजणारी चाचणी, होते का?’ स्लीप लॅब अशी पाटी बऱ्याच ठिकाणी असते, पण तिथे बहुधा फक्त घोरण्याची तपासणी होते. घरी यंत्र लावून होणारी चाचणीही यासाठी चालत नाही. मी एका लॅबमध्ये एक रात्र आणि बरेच पैसे घालवून हे शिकले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा. बंगळूरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतही झोपेच्या आजारांवर काम चालतं.

चाचणी अशी असते. रात्री डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला तारा लावून रात्रभराची झोप मोजतात. ही पॉलिसोम्नोग्राफी. सकाळी घरी जायचं नसतं. त्याच दिवशी दर दोन तासांनी वीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं, असं चार ते पाच वेळा. ही एमएसएलटी. झोप लागायला सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ लागला आणि किमान दोन डुलक्यांत पंधरा मिनिटांच्या आत रेम झोप दिसली, तर निदान नार्कोलेप्सीकडे झुकतं. आदल्या रात्री झोप लागल्यावर पंधरा मिनिटांच्या आत रेम आली असेल, तर तीही त्या दोनांत एक धरतात.

चाचणीआधीचे दोन आठवडे रात्रीची झोप पुरेशी आणि एकाच वेळेला हवी. रात्रपाळी किंवा परीक्षेची जागरणं करून गेलात तर निकाल फसवा येतो. नैराश्यावरच्या गोळ्या रेम झोप दाबतात, त्यामुळे त्या आधी बंद कराव्या लागू शकतात. पण ते डॉक्टरांच्या सांगण्याने आणि हळूहळू, स्वतःच्या मनाने कधीच नाही. डुलक्यांच्या मधल्या वेळात जागं राहायचं असतं आणि चहा-कॉफी बंद असते. सोबत कुणी तरी न्या. गप्पा मारत बसायला माणूस नसेल तर तो मधला वेळ जाता जात नाही. पाठीतून पाणी काढून ओरेक्सिन मोजण्याची चाचणीही आहे, पण ती सगळीकडे होत नाही. ‘जीन टेस्ट’ करून निदान पक्कं होईल असं कुणी म्हटलं तर थांबा. नार्कोलेप्सीशी जोडलेला एचएलए नावाच्या जनुकाचा प्रकार निरोगी लोकांतही भरपूर आढळतो.

डुलकी हा औषधाचा डोस आहे

निदानानंतरची पहिली दोन वर्षं मी झोपेशी भांडण्यात घालवली. तोंडावर पाणी मारायचं, चिमटे काढायचे, उभं राहून काम करायचं, चहावर चहा. यातून वेळ पुढे ढकलली जायची आणि मग झोप मला नको त्या जागी गाठायची. बॉससमोर, बसमध्ये, एकदा तर ओट्यापाशी. एका डॉक्टर बाईंनी मला सरळ विचारलं, ‘मधुमेहाचा माणूस साखर वाढायची वाट बघत बसतो का?’ त्या दिवसापासून मी झोप येण्याआधी झोपते.

पद्धत अशी. तुमच्या वहीत पाहा, दिवसातून कुठल्या दोन वेळी पेंग सगळ्यात जास्त येते. माझ्या वेळा सकाळी साडेअकरा आणि दुपारी साडेतीनच्या. मग त्या वेळेच्या अर्धा तास आधी डुलकी ठेवायची. मी ११ वाजता आणि ३ वाजता आडवी होते, झोप आलेली असो वा नसो. वेळ पंधरा ते वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोप आणखी तुटते. गजर दोन लावा, एक मोबाइलचा आणि एक मनगटावर थरथरणारा. आवाजाचा गजर माझ्या स्वप्नात शिरून दाराची बेल होतो. थरथर तशी फसत नाही.

ऑफिसात जागा शोधावी लागते. मी तीन ठिकाणं करून पाहिली. मीटिंग रूम कुणी ना कुणी उघडतं. पार्किंगमधली गाडी उन्हाळ्यात भट्टी होते, बंद गाडीत झोपणं धोक्याचंही आहे. शेवटी आमच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन कपाटांच्या मधे एक घडीची आरामखुर्ची ठेवायची परवानगी मिळाली. डोळ्यांवर काळी पट्टी, कानात बोळे, चपला काढलेल्या, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला कागद: ‘३:२० पर्यंत.’ या कागदामुळे फार फरक पडला. वेळ लिहिलेली दिसली की लोक झोपलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

घरी तर आपल्याकडे वामकुक्षीची परंपरा आहेच. जेवून डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणाऱ्या आजोबांना कुणी आळशी म्हणत नाही. सासरी मी हाच शब्द वापरला. ‘माझी औषधाची वामकुक्षी’ म्हटलं आणि प्रश्न संपला.

रात्रीची वेळही तितकीच काटेकोर हवी. शनिवार-रविवारीसुद्धा झोपण्या-उठण्याच्या वेळा अर्ध्या तासापेक्षा जास्त हलवू नका. गणपतीतलं जागरण, लग्नाची आदली रात्र, नवरात्रातला गरबा यांना नकार द्यायचं कारण नाही, पण दुसऱ्या दिवशी एक डुलकी जास्त ठेवा आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. स्लीप पॅरालिसिस उताणं झोपल्यावर जास्त होते असं बऱ्याच जणांना जाणवतं. मी कुशीवर झोपते. झालीच, तर श्वास मोजायचा आणि पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्यायचं. मिनिटा-दोन मिनिटांत ती आपोआप सुटते. शेजारी झोपणाऱ्याला सांगून ठेवा की घशातून बारीक आवाज आला तर नुसता खांद्याला हात लाव. स्पर्शाने ती बहुधा लगेच मोडते.

गोळ्या

दिवसाच्या झोपेसाठी आपल्याकडे बहुधा मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल देतात, काहींना मिथाइलफेनिडेट. कॅटाप्लेक्सीसाठी वेनलाफॅक्सिन, फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी औषधं वापरतात. ही मुळात नैराश्यावरची म्हणून ओळखली जातात. चिठ्ठी वाचून घरचे घाबरतात, तेव्हा ती रेम झोपेचा लुळेपणा दाबण्यासाठी दिली आहेत, हे डॉक्टरांकडूनच त्यांच्या कानावर घाला. परदेशात राहणाऱ्यांना पिटोलिसंट, सोलरियमफेटॉल, सोडियम ऑक्सिबेट हे पर्यायही ऐकायला मिळतील. सोडियम ऑक्सिबेट चालू असेल तर दारूचा थेंबही नको.

जागं ठेवणारी गोळी सकाळी लवकर घ्या. दुपारनंतर घेतली तर रात्र जाते. सुरुवातीला डोकं दुखतं, भूक कमी होते. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बायकांना ही गोष्ट बहुतेक वेळा कुणी सांगत नाही: मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ही औषधं चालू असताना आणि बंद केल्यावरही एक महिना दुसरा उपाय वापरावा लागतो. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात मोडाफिनिल टाळायला सांगतात, त्यामुळे तयारी काही महिने आधीपासून करावी लागते.

कॅटाप्लेक्सीची गोळी एका दिवसात बंद करू नका. ती अचानक थांबली की झटके एकामागून एक, पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतात. मी एका दिवाळीत गावी गोळ्या विसरून गेले आणि भाऊबीज गादीवर पडून काढली. तेव्हापासून आठ दिवसांच्या गोळ्या पर्समध्ये वेगळ्या असतात. निर्जळी उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. आमच्या गुरुजींनीही औषधाला हरकत नसते असंच सांगितलं. ऑपरेशन किंवा दातांचं मोठं काम असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. सर्दी-खोकल्याच्या, खाजेच्या जुन्या गोळ्यांनी, विशेषतः क्लोरफेनिरामिन असलेल्या, आमचा अख्खा दिवस जातो. केमिस्टला दर वेळी सांगा. आणि अभ्यासाला जागायला म्हणून कुणी भाचा-पुतण्या तुमची गोळी मागेल, तर देऊ नका. ती चिठ्ठीवरच मिळते, त्याला कारण आहे.

हसताना पडलेल्या माणसाचं काय करायचं

हा भाग घरच्यांना वाचायला द्या. माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला कुणीतरी नक्कल केली, मी खळखळून हसले आणि सतरंजीवर कोसळले. मला सगळं ऐकू येत होतं. ‘फिट आली, फिट आली!’ मग नाकाशी फोडलेला कांदा आला, कुणी चप्पल आणली, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, एका काकूंनी दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. मला फक्त सांगायचं होतं की मी शुद्धीवर आहे, आणि जीभ हलत नव्हती. मिनिटभराने मी उठले तेव्हा ओठ फुटलेला होता. तो चमच्याने फुटला होता.

कॅटाप्लेक्सीत शुद्ध जात नाही. श्वास चालू असतो, डोळे हलतात. काही सेकंद ते दोन-एक मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. करायचं एवढंच: पडताना डोकं आपटू देऊ नका, मान वाकडी झाली असेल तर सरळ करा, शेजारी बसा, हळू आवाजात बोलत राहा. तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका, गर्दी हटवा. आणि त्याच क्षणी आणखी हसवू नका, लांबतं ते. माणूस प्रतिसाद देत नाही, हातापायांना झटके बसताहेत, पडताना डोक्याला मार लागला, किंवा पाच मिनिटांत काहीच फरक नाही, असं असेल तर १०८ ला फोन करा.

ज्याला होतं त्याला बहुधा एक-दोन सेकंद आधी कळतं. चेहऱ्याचे स्नायू थरथरतात, मान सैल होते. तेवढ्यात खाली बसायचं किंवा भिंतीला टेकायचं, ही सवय लावून घ्या. काही जण हसणंच सोडून देतात. चेहरा कोरा ठेवायला शिकतात, मित्रांच्या घोळक्यात जात नाहीत. मीही काही वर्षं तशी राहिले. ती वर्षं मला आजही सलतात. गोळी लागू पडली तर हसू परत मिळतं, म्हणून ही तक्रार डॉक्टरांपासून लपवू नका.

ओटा, पाणी, लोकल, गाडी

स्वयंपाक डुलकीनंतरच्या तासात करा. तळण आणि पुरणपोळी पेंगेच्या वेळेला मुळीच नको. मागच्या शेगडीवर कढई ठेवा, भांड्यांचे दांडे आत वळवा. जमलं तर इंडक्शन घ्या, ठरल्या वेळी आपोआप बंद होतं. भाजी चिरताना आणि इस्त्री करताना बसू नका असं मला सांगितलं होतं. माझा सल्ला उलटा आहे: चिरताना बसाच, आणि विळी सोडून फळी वापरा. पेंग आली तर बसलेला माणूस कमी लागून घेतो. इस्त्रीही मी खाली बसून करते. बाळाला आंघोळ घालताना शेजारी दुसरं माणूस हवं. रात्री दूध पाजताना झोप लागणारच हे धरून चालायचं, म्हणून सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजू नका. तिथे झोप लागणं बाळाला सगळ्यात धोक्याचं असतं. रात्रीच्या पाजण्यासाठी घरातल्या कुणाला तरी शेजारी जागं बसवा आणि पोट भरलं की बाळ त्याच्या पाळण्यात द्या. विहिरीत, नदीत, समुद्रात एकट्याने उतरायचं नाही.

लोकलमध्ये दारात उभं राहायचं नाही, दोन स्टेशनांचा प्रवास असला तरी. बसायला मिळालं तर शेजारणीला सांगा, ‘ठाणं आलं की हलवाल का?’ लेडीज डब्यात मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. तरीही मोबाइलवर उतरायच्या आधीचा थरथरणारा गजर लावते. उभं राहावं लागलं तर पाठ टेकता येईल अशी, दारापासून लांबची जागा. फलाटावर गाडीची वाट पाहतानाही भिंतीकडे, बाकड्यावर.

गाडीबाबत मी कडक आहे. आजार नियंत्रणात नसताना दुचाकीही चालवू नका. लायसन्सच्या अर्जातल्या आरोग्याच्या जाहीरनाम्यात खोटं लिहू नका. ब्रिटनमध्ये तर डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला नार्कोलेप्सी कळवणं बंधनकारक आहे, नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. औषधाने बरेच महिने स्थिर असाल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर कमी अंतर, ओळखीचा रस्ता आणि निघण्याआधी डुलकी. खिडकी उघडून, गाणी लावून झोप जात नाही. डोळे जड झाले तर गाडी बाजूला घ्या आणि वीस मिनिटं झोपा.

जेवण, शाळा, नोकरी, लग्न

दुपारी भात-वरण-बटाट्याची भाजी असं भरपेट जेवलं की मला तासाभरात अंधारी येते. म्हणून दुपारी भाकरी, उसळ, ताक, आणि भात रात्री. वजन वाढण्याकडे कल असतो, म्हणून संध्याकाळी अर्धा तास चालणं. चहा दुपारी तीननंतर नाही.

मुलाला असेल तर वर्गशिक्षकांना डॉक्टरांचं पत्र द्या आणि मागणी नेमकी करा: मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं आडवं व्हायला जागा, पहिल्या बाकावर बसवणं, शेवटचा तास बुडाला तर नोट्स. ‘सांभाळून घ्या’ म्हटलं की कुणी काहीच करत नाही. परीक्षेत जादा वेळ किंवा मधे विश्रांती हवी असेल तर अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. नोकरीतही तसंच. रात्रपाळी आणि फिरत्या पाळ्या टाळा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नार्कोलेप्सीचं नाव नाही, त्यामुळे कायद्यावर विसंबण्यापेक्षा वरिष्ठांना समजावणं जास्त उपयोगी पडतं. मी माझ्या साहेबांना एक तक्ता दाखवला: डुलकीला रोज चाळीस मिनिटं जातात, बदल्यात साडेसहापर्यंत थांबते. त्यांना ते पटलं.

लग्न ठरताना लपवू नका. पहिल्या भेटीत सांगायला हवं असं नाही, पण होकारापूर्वी सांगा, शक्य तर डॉक्टरांसमोर. ‘मुलांना होईल का?’ हा प्रश्न येतोच. रुग्णाच्या मुलांना किंवा भावंडांना होण्याची शक्यता शेकडा एक ते दोन असते. दोन स्थळांनी नकार दिला, तिसऱ्याने विचारलं, ‘मग मी काय करायचं असतं?’ त्याच्याशी माझं लग्न झालं.

नैराश्य या आजारात बऱ्याच जणांना येतं. वर्षानुवर्षं आळशी, कुंभकर्ण ऐकून माणूस तेच खरं मानू लागतो. मन फार खचलं तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दर वर्षी २२ सप्टेंबरला जागतिक नार्कोलेप्सी दिन असतो. त्या दिवशी मी माझ्या एका जुन्या शिक्षिकेला फोन करते. ते पान वर्गात दाखवणाऱ्या त्याच बाई. आता त्या पेंगणाऱ्या मुलाला आधी बाहेर बोलावून विचारतात, रात्री किती झोपलास.

शेवटचं काम आज रात्रीच करा. एक छोटं कार्ड लिहून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा. माझ्या कार्डावरचा मजकूर असा आहे, तसाच उतरवून घेतलात तरी चालेल:

‘मला नार्कोलेप्सी आहे. मी पडले किंवा हलत नसले तरी शुद्धीवर असू शकते आणि तुमचं बोलणं मला ऐकू येत असेल. तोंडात काही घालू नका. डोकं सांभाळा आणि दोन मिनिटं शेजारी थांबा. मी झोपलेली असेन तर खांद्याला हात लावून उठवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर १०८ आणि मागे लिहिलेल्या नंबरवर फोन करा.’